घरच्या कोंबड्यांसाठी विकतचं खाद्य कसं निवडायचं (नागपूरच्या उन्हापावसाचा हिशोब धरून)

दुकानात जाऊन "भाऊ, कोंबडीचं खाद्य द्या पाच किलो" म्हटलं की समोर जे पोतं उघडं असेल त्यातून दुकानदार मोजून देतो आणि आपण घेऊन येतो. बेसा, हुडकेश्वर, गोधनी, वाडी, जिकडे थोडी मोकळी जागा आहे तिकडे आता घरोघरी पाच-दहा कोंबड्या दिसून राहिल्या. लोकं हौसेनं वनराजा आणतात, गिरीराजा आणतात, कडकनाथ आणतात, खुराडं छान बांधतात, आणि खाद्याचं मात्र सगळं दुकानदारावर सोडून देतात. मीही तेच केलं होतं.

दोन वर्षांआधीची गोष्ट आहे. नऊ कोंबड्या अंड्यावर आलेल्या, फेब्रुवारी महिना, म्हणजे फार ऊन नाही, फार थंडी नाही, अंडी जोरात यायचे दिवस. सकाळी खुराड्यात हात घातला तर अंडं उचलायच्या आधीच बोटाखाली दबलं, कवच कसं तर ओल्या कागदासारखं, बलक सगळा तनसात आणि बोटांवर. दुसऱ्या दिवशी अजून दोन तशीच. मला वाटलं रोग आला, औषध आणलं, मग व्हिटॅमिनची बाटली आणली, आठ दिवस त्यातच गेले. शेवटी पोत्याच्या तोंडाला शिवलेलं लेबल नीट वाचलं तर त्यावर ग्रोअर लिहिलेलं. म्हणजे तलंगांचं, अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांचं खाद्य मी अंड्यावरच्या कोंबड्यांना देऊन राहिलो होतो, तेही दीड महिना. मागितलं होतं लेयर, दिलं होतं ग्रोअर, कंपनी तीच, पोतं दिसायला सारखंच, आणि मी पाहिलं नाही. लेयर खाद्य आणलं, बाजूला शिंपल्याच्या चुऱ्याची वाटी ठेवली, आठवड्याभरात कवचं पुन्हा टणक झाली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिलो, ज्या क्रमानं मी आता स्वतः करतो त्याच क्रमानं.

आधी आपल्या कोंबड्या पाहा, मग पोतं

घरून निघायच्या आधी तीन गोष्टी ठरवून घ्या. कोंबड्या किती आठवड्यांच्या आहेत, अंड्यासाठी ठेवल्या की मटणासाठी, आणि दिवसभर बाहेर चरतात की बंदिस्त आहेत. या तीन उत्तरांवरच खाद्य ठरतं.

पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत चिक स्टार्टर. यात प्रथिनं साधारण २० टक्के असतात, कारण पिल्लाचं हाड, पिसं, मांस सगळं या दोन महिन्यांत भराभर बनत असतं. त्यानंतर अंडी सुरू होईपर्यंत ग्रोअर, त्यात प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास, कारण आता तिला सावकाश, चरबी न चढता मोठं व्हायचं आहे. आणि अंडी सुरू झाली की लेयर, प्रथिनं १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम ३ ते ४ टक्के. ब्रॉयलरचं खाद्य वेगळंच, प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर, त्यात प्रथिनंही जास्त आणि ऊर्जाही जास्त, कारण ते खाद्य ३५-४० दिवसांत दोन किलोचा पक्षी तयार करायला बनवलेलं आहे.

आता "लेयर कधी सुरू करू" हा प्रश्न सगळे विचारतात. पोत्यावर १८ आठवडे लिहिलेलं असतं, पण ते फार्मवरच्या अंड्याच्या पांढऱ्या जातींसाठी आहे, त्या साडेचार महिन्यांत अंड्यावर येतात. आपल्या वनराजाला, गावरानीला, कडकनाथला सहसा सहा महिने लागतात, कधी थोडे जास्तच. तेव्हा कॅलेंडर पाहू नका, कोंबडी पाहा. तुरा आणि गळ्याखालचे लोंब लालबुंद व्हायला लागले, पाठीवर हात ठेवला की ती खाली दबून बसायला लागली, किंवा कळपात पहिलं अंडं दिसलं, की लेयर सुरू करा. त्याच्या आधी नाही. लहान तलंगीला महिनोनमहिने लेयर खाऊ घातलं तर तिला नको असलेलं कॅल्शियम मूत्रपिंडावर पडतं, आणि अशा पक्ष्याचं पोस्टमार्टम केलं तर आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो, गाऊट म्हणतात त्याला. बाहेरून काहीच कळत नाही आणि एक दिवस कोंबडी मरून पडलेली दिसते.

उलटं केलं की काय होतं ते माझ्या नऊ कोंबड्यांनी दाखवलंच. हिशोब सोपा आहे. एका मध्यम अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते असं धरा, लेयर खाद्यात साडेतीन टक्के कॅल्शियम असेल तर पोटात गेलं ३.८५ ग्रॅम, त्यातलं ढोबळमानानं अर्धं अंगी लागतं, म्हणजे जेमतेम एका अंड्यापुरतं. ग्रोअरमध्ये कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे १.१ ग्रॅम, त्यातलं अर्धं अंगी लागलं तर जेमतेम अर्धा ग्रॅम. बाकीचं ती स्वतःच्या हाडातून काढते. काही दिवस अंडी चांगली दिसतात, मग कवच पातळ होतं, आणि तरीही चालूच ठेवलं तर कोंबडी पायांवर उभी राहत नाही.

सगळ्या वयाच्या कोंबड्या एकाच अंगणात असतील, आणि घरी बहुतेक तसंच असतं, तर काय करायचं? माझ्या मते सगळ्यांना ग्रोअर द्या (लहान पिल्लं असतील तर ती आठ आठवडे वेगळीच ठेवा), आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला अंडं घालायचं आहे ती बरोबर त्या वाटीकडे जाते, तलंगी आणि कोंबडा एखाददुसरी चोच मारून निघून जातात. ही वाटी संध्याकाळी भरलेली पाहिजे, कारण कवच बनायचं काम बहुतेक रात्रीच चालतं.

कडकनाथवाले विचारतात की याला स्पेशल खाद्य लागतं का. नाही लागत. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला, तेव्हापासून त्याच्या नावानं बरंच काही विकायला आलं, पण त्याची भूक दुसऱ्या गावरान कोंबडीसारखीच आहे. तो हळू वाढतो, म्हणून त्याला महिनोनमहिने ब्रॉयलर खाद्य देऊन फक्त चरबी चढते आणि पैसा जातो.

लेबल वाचायचं, उभं राहून, दुकानातच

पोत्याच्या तोंडाला शिवलेली चिठ्ठी किंवा पोत्यावरचा छापील चौकोन, दोन्ही पाहा. दुकानदार घाई करेल, करू द्या, दोन मिनिटं लागतात.

सगळ्यात आधी नाव. स्टार्टर, ग्रोअर, लेयर, काय लिहिलं आहे. मग क्रूड प्रोटीन, म्हणजे प्रथिनं, हा आकडा "कमीत कमी" असा लिहिलेला असतो. मग क्रूड फायबर, म्हणजे चोथा, हा "जास्तीत जास्त" असतो, लेयरमध्ये हा ९-१० टक्क्यांच्या वर असेल तर आत कोंडा आणि टरफल जास्त भरलं आहे. मॉइश्चर, म्हणजे ओलावा, ११ टक्क्यांच्या आत पाहिजे. आणि एक ओळ असते जी कोणीच वाचत नाही, ॲसिड इन्सोल्युबल ॲश किंवा सँड-सिलिका, म्हणजे सरळ भाषेत रेती आणि माती, ही जितकी कमी तितकं बरं, चार टक्क्यांच्या वर तर नकोच. कॅल्शियम, फॉस्फरस, आणि लायसिन, मेथिओनिन (हे प्रथिनांतले घटक) यांचे आकडे दिलेले असतील तर ती कंपनी थोडी सिरियस आहे असं मी समजतो. लेयरमध्ये लायसिन ०.७ टक्के आणि मेथिओनिन ०.३५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असलं की ठीक. काही पोत्यांवर भारतीय मानक ब्युरोचा मार्क आणि आयएस १३७४ हा नंबर दिसतो, कोंबडीखाद्याचं मानक तेच आहे.

प्रथिनाच्या आकड्याबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. लॅबमध्ये प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. आता युरियात नायट्रोजन ४६ टक्के असतो. म्हणजे शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया टाकला तर कागदावर प्रथिनं जवळपास २.९ टक्क्यांनी वाढलेली दिसतात, आणि कोंबडीला त्यातून काहीच मिळत नाही, ती गाय नाही, तिच्या पोटात युरियापासून प्रथिनं बनवणारी व्यवस्था नाही. म्हणून फार स्वस्त खाद्यावर फार मोठा प्रोटीनचा आकडा दिसला तर मी ते घेत नाही. आणि याच कारणानं गाईचं सुग्रास कोंबड्यांना टाकू नका, त्यात युरिया असू शकतो आणि चोथाही जास्त असतो.

औषधाची ओळ वेगळी वाचा. चिक स्टार्टरमध्ये बहुतेक कॉक्सिडिओस्टॅट असतं, म्हणजे रक्ती हगवणीपासून वाचवणारं औषध. दमट दिवसांत जमिनीवर, तुसावर वाढणाऱ्या पिल्लांना ते उपयोगाचंच आहे, मला त्यात काही वाईट वाटत नाही. पण अंड्यावर असलेल्या कोंबडीला ते खाद्य देऊ नका, आणि औषधाच्या खाद्यानंतर किती दिवस अंडी-मांस खायचं नाही ते लेबलवर पाहा. मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे नाव दिसलं तर ते पोतं घोडा-गाढव आणि कुत्र्यापासून दूर ठेवा, त्यांच्यासाठी ते विष आहे, आणि टर्की पाळल्या असतील तर त्यांनाही सॅलिनोमायसिन चालत नाही. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक तर सरकारनं जुलै २०१९ मध्ये पशुखाद्यात पूर्ण बंद केलं, माणसांच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून ते राखून ठेवलेलं औषध आहे. खाद्यात किंवा "ग्रोथ पावडर"मध्ये ते कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

तारीख

माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, कंपनीच्या नावापेक्षाही मोठा. गोदरेज, जाफा, सुगुणा, अशी मोठी नावं आहेत, लोकल फीड मिलही आहेत, पण कितीही चांगल्या कंपनीचं खाद्य एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोडाउनमध्ये दोन महिने भाजत पडलं असेल तर त्यातलं व्हिटॅमिन ए आणि ई उडालेलं असतं आणि तेलाला खवट वास लागलेला असतो. त्यापेक्षा मागच्या आठवड्यात बनलेलं साधं खाद्य परवडलं. खाद्य बनल्यापासून एक महिन्याच्या आतलं पोतं मी घेतो, पावसाळ्यात तर तीन आठवड्यांच्या आतलंच. पोत्यावर तारीख नसेल, पुसलेली असेल, किंवा चिठ्ठी फाडलेली असेल तर नाही घ्यायचं, कितीही सूट देऊ द्या. दुकान निवडतानाही हेच पाहा, माल पटापट खपणारं दुकान घ्या, जिथं फार्मवाले येऊन पोती उचलून नेतात. जिथं वर्षातून चार गिऱ्हाईकं येतात तिथं कोपऱ्यातलं पोतं कधीचं आहे ते तिथल्या माणसालाही सांगता येत नाही.

सुटं घ्यावं का? पाच कोंबड्यावाल्याला पर्याय नसतो, मला कळतं. पण पोतं तुमच्यासमोर उघडू द्या, किंवा आज-काल उघडलेलं पाहून घ्या, आणि त्याच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. नंतर काही बिघडलं तर डॉक्टरला दाखवायला तो फोटो कामी येतो.

नाक, हात आणि काचेचा ग्लास

मूठभर खाद्य घ्या, नाकाजवळ न्या. ताज्या खाद्याला दळलेल्या मक्याचा आणि सोयाबीनचा गोडसर वास येतो. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास म्हणजे बुरशी. जुन्या तेलाच्या पिप्यासारखा वास म्हणजे तेल खवट झालं. डोळ्यात झोंबणारा वास आला तरी परत ठेवा. मग मूठ आवळून सोडा, कोरडं खाद्य मोकळं पडतं, गोळा तसाच राहिला तर ओल आहे. पोत्याच्या शिवणीजवळ आणि तळाला हात लावा, तिथं ढेकळं लागली किंवा जाळं लागलं तर वरून कितीही छान दिसू द्या, घेऊ नका.

घरी आणलं की ग्लासची परीक्षा. काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी, त्यात दोन चमचे भरडा, ढवळा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. वर तुसं आणि टरफलं तरंगतात, मधे गढूळ पाणी, खाली दाणे, आणि एकदम तळाला जड थर बसतो. वरचं हळूच ओतून द्या आणि तळाचा थर पांढऱ्या बशीत काढा. लेयर खाद्य असेल तर तळाला पांढरट खडे दिसणारच, ते चुनखडीचे आहेत आणि पाहिजेतच. खात्री करायची तर त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका, चुनखडी असेल तर बारीक फेस येतो, चुर्र आवाजही येतो कधी, आणि रेती असेल तर लिंबू तसंच वाहून जातं. फेस न आलेला, करकरीत, नखाखाली वाजणारा थर जास्त असेल तर तुम्ही मक्याच्या भावानं रेती आणली आहे. मी पहिल्यांदा दोन दुकानांतून आणलेलं खाद्य असं शेजारीशेजारी बशीत ठेवून पाहिलं तेव्हा फरक घरातल्या पोरांनाही दिसला, सांगायची गरज पडली नाही.

भरडा, चुरी की गोळी

भरडा म्हणजे मॅश, चुरी म्हणजे क्रम्बल, गोळी म्हणजे पेलेट. पिल्लांना चुरी किंवा बारीक भरडा, गोळी त्यांच्या चोचीत मावत नाही. मोठ्यांना तिन्ही चालतं. भरडा थोडा स्वस्त पडतो, पण कोंबडी त्यातले मक्याचे दाणे वेचून खाते आणि बारीक पूड सोडून देते, आणि व्हिटॅमिन-खनिजं नेमकी त्या पुडीतच असतात. तर भरडा देत असाल तर फीडर रोज एकदा रिकामा होऊ द्या, वरून वर भरत जाऊ नका. गोळी सांडली तरी उचलून खाते, नासाडी कमी, पण पावसात एकदा भिजली की लगदा झाला.

किती आणायचं

बंदिस्त अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. लहान गावरानी त्यापेक्षा कमी. दिवसभर चरून येणारीला संध्याकाळी ५०-६० ग्रॅम पुरतं, अंगणात किडे-गवत किती आहे त्यावर आहे ते, गळ्याखालची पिशवी रात्री हात लावून पाहा, भरलेली आणि मऊ लागली पाहिजे.

आठ कोंबड्या धरल्या तर ११० ग्रॅमनं दिवसाला ८८० ग्रॅम, म्हणजे ५० किलोचं पोतं ५६-५७ दिवस जातं. दोन महिने! थंडीत ठीक आहे, जुलैत अजिबात नाही. म्हणून पावसाळ्यात एक पोतं शेजाऱ्यासोबत वाटून घ्या, किंवा २५ किलोचं मिळालं तर ते घ्या, किलोमागे दोन रुपये जास्त गेले तरी.

किमतीची तुलना किलोवर करू नका, अंड्यावर करा. समजा एक खाद्य ३४ रुपये किलो आणि दुसरं ३९. आठ कोंबड्या महिन्याला साधारण २६ किलो खातात. पहिल्यावर महिन्यात १३० अंडी आली तर ८८४ भागिले १३०, अंड्यामागे ६ रुपये ८० पैसे. दुसऱ्यावर १६० आली तर १०१४ भागिले १६०, ६ रुपये ३४ पैसे. महाग खाद्य स्वस्त पडलं. हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण वही ठेवली तर तुमचे स्वतःचे आकडे दोन महिन्यांत समोर येतात.

नवतपा आणि पावसाळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, आणि खाणं कमी करते, कारण खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. आता ११० ऐवजी ती ८० ग्रॅमच खाऊन राहिली असेल तर १६ टक्क्यांच्या खाद्यातून तिला १२.८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, १८ टक्क्यांच्या खाद्यातून १४.४. म्हणून उन्हाळ्यात मी मुद्दाम १८ टक्केवालं लेयर घेतो, हिवाळ्यात १६ वालं चालवतो. शिंपल्याची वाटी उन्हाळ्यात कधीच रिकामी नको, धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानंही कवच पातळ होतं.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, खाद्य पहाटे साडेपाचला आणि सूर्य गेल्यावर. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत फीडर उचलून ठेवा, पाणी मात्र सावलीत, मातीच्या भांड्यात, दोन-तीनदा बदलून. एरवी कोंबडी खाण्याच्या दुप्पट पाणी पिते, या दिवसांत चौपटही पिते. पाणी तापलं की पीत नाही, आणि पाणी नाही प्यायली की खातही नाही. खाद्य थोडं पाण्यात कालवून दिलं तर उन्हाळ्यात आवडीनं खातात, पण अर्ध्या तासात संपेल इतकंच कालवा, उरलं की आंबतं.

पाऊस लागला की सगळं उलटं, आता भीती बुरशीची. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, मका आणि शेंगदाणा ढेपेत जास्त, आणि ते कोंबडीचं यकृत खातं. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की एकाएकी मेल्या, कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा ढेपेपर्यंत लोकं पोचली, आणि अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं ते तिथून. कोंबडी टर्कीपेक्षा थोडी दणकट आहे, ती लगेच मरत नाही, अंडी कमी होतात, पिसं विस्कटतात, लसीचा असर नीट होत नाही, आणि आपण भलतंच कारण शोधत बसतो. लक्षात ठेवा, बुरशी लागलेलं खाद्य उन्हात वाळवलं किंवा तव्यावर भाजलं तरी विष जात नाही. गाईलाही घालू नका, ते दुधात उतरतं. फेकायचंच, खड्ड्यात पुरून. लेबलवर टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारा पदार्थ) लिहिलेलं असेल तर पावसाळ्यासाठी तेच निवडा, पण त्याच्या भरवशावर ओलं खाद्य देऊ नका.

साठवायचं कसं: लाकडी फळीवर, जमिनीपासून चार-पाच इंच वर, भिंतीपासून हातभर लांब. पोतं उघडलं की घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये, आणि नवीन पोतं टाकायच्या आधी ड्रम पूर्ण रिकामा, पुसून, उन्हात वाळवून. तळाची जुनी पूड तशीच ठेवून वरून नवीन ओतणं ही चूक बहुतेक घरी होते, बुरशी तिथूनच चढते.

आपल्या घरचं धान्य आणि विदर्भातल्या तीन चुका

विकतच्या खाद्यात सगळं मोजून असतं. त्यावर मूठभर मका, ज्वारी, भंडारा-गोंदियाकडची तांदळाची कणी टाकली तर हरकत नाही, पण रोजच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आतच ठेवा. मक्यात प्रथिनं जेमतेम ९ टक्के, कणीत ८ च्या आसपास. अर्धं लेयर अर्धी कणी केलं की प्रथिनं १२-१३ वर येतात आणि कॅल्शियम अर्धं होतं, मग लोकं म्हणतात कंपनीचं खाद्य खराब निघालं.

तीन गोष्टी मात्र आपल्याकडे हाताशी असतात म्हणून टाकल्या जातात. एक, कच्चं सोयाबीन. घरचं पोतं आहे तर दळून घालू, असं वाटतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, पिल्लं तर खुजीच राहतात. नीट भाजलेलं किंवा कारखान्यातली तेल काढलेली सोया ढेप, म्हणजे डीओसी, तीच चालते. दोन, सरकीची ढेप. गाईला चांगली, कोंबडीला नाही, तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या घटकामुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. तीन, जुनी शेंगदाणा ढेप, तिचं वर सांगितलंच.

बलक केशरी दिसावा म्हणून शेवग्याचा पाला, लसूणघास, झेंडूच्या पाकळ्या द्या, रंग खरंच येतो. पण फिक्का बलक म्हणजे खाद्य निकृष्ट असं नाही, त्या खाद्यात पिवळ्या मक्याऐवजी कणी किंवा ज्वारी जास्त असेल इतकंच. आणि बंदिस्त कोंबडीला धान्य देत असाल तर बारीक खडे ठेवा, कलेजी-पोट्यातला पोटा आहे ना, तिथं ते खडे दाणा दळतात. शिंपला विरघळून जातो, खडा टिकतो, म्हणून दोन्ही वेगळ्या वाट्यांत.

नवीन खाद्य सुरू करताना

एकदम बदलू नका. पहिले तीन दिवस तीन भाग जुनं एक भाग नवीन, पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, मग तीन भाग नवीन, दहाव्या दिवशी पूर्ण. एकदम बदललं तर दोन-चार दिवस खाणं सोडतात आणि अंडी पडतात, मग नव्या खाद्यावर उगाच आळ येतो.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी फक्त तीन गोष्टी पाहा. विष्ठा, घट्ट आणि वर पांढरी टोपी असलेली पाहिजे, पाण्यासारखी किंवा रक्ताची दिसली तर खाद्य बदलण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरला दाखवा, आपल्याकडे सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे. दुसरं, फीडरमध्ये काय उरलं, सगळ्यांनी सोडलेलं असेल तर त्या खाद्यात काहीतरी आहे, कोंबडी उगाच नाही सोडत. तिसरं, अंड्याचं कवच, अंगठा आणि बोटात धरून हलकं दाबून पाहा, आणि अधूनमधून एखाद्या कोंबडीच्या छातीचं हाड हातानं चाचपा, सुरीसारखं टोचलं तर ती अंगावरचं झिजवून अंडी देऊन राहिली.

आणि पोत्याची चिठ्ठी फेकू नका. माझ्या खुराड्याच्या दाराला एक खिळा आहे, प्रत्येक पोत्याची चिठ्ठी त्यावर अडकवतो, मागच्या बाजूला उघडल्याची तारीख आणि त्या महिन्यात किती अंडी आली ते पेननं लिहून. नवीन पोतं आणायला जाताना सगळ्यात वरची चिठ्ठी काढून खिशात टाकतो आणि दुकानात नव्या पोत्याला लावून पाहतो, नाव तेच आहे का, आकडे तेच आहेत का, आणि तारीख कधीची आहे.